सुहैल डाव्या हाताला

१० फेब्रुवारी
रिसॉर्टचे मॅनेजर हातेम बे यांनी अखेर शब्द दिला. परवाची वाळवंटातली तारे बघायची सहल नीट झाली, तर नुवेबाच्या सहलींचा अख्खा सीझन माझा. नाहीतर तो कैरोच्या कंपनीला. नाहीतरचा प्रश्नच येत नाही. वाळवंटात वाढलेल्या बदूच्या पोराला तारे काय शिकवायचे? आजोबा शिकवणार होते, पण तेव्हा मी मोबाईल-दुरुस्ती शिकत होतो.

११ फेब्रुवारी
रबिआ आत्याची उंटीण झर्गा मागून आणली. आत्या स्वतःच यायला निघाली होती. चाळीस वर्षं त्याच डोंगरांत शेळ्या चारते म्हणे. तिला सांगितलं, हे शेळ्यांचं काम नव्हे.
संकल्प: पाहुण्यांसमोर मोबाईल काढायचा नाही.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
चार पाहुणे. चहा, राखेतली भाकरी. सगळे खूश. नऊ तारे दाखवले. पाचांची नावं ठाऊक होती, उरलेल्यांना चुलत्यांची दिली.

८.४०
परत निघालो. सुहैल तारा डाव्या हाताला ठेवला की समोर समुद्र. झर्गा सारखी मागे वळते. हट्टी जनावर. तिसऱ्यांदा सरळ केली.

९.५०
समुद्र आलेला नाही. सुहैल बहुधा उजव्या हाताला ठेवतात. किरकोळ तपशील. पाहुण्यांना म्हटलं, मुद्दाम लांबची वाट घेतली.

१०.३०
पाणी एकच बाटली. पाहुण्यांतल्या म्हाताऱ्या बाईंची हृदयाची गोळी हॉटेलवर राहिली. त्या खडकावर बसल्यात, उठत नाहीत. नवऱ्याने विचारलं, "खरं सांगा, वाट माहीत आहे ना?" हो म्हटलं. मोबाईल काढला. रेंज नाही. मी घाबरलोय. बाईंना झर्गावर बसवतो.

१३ फेब्रुवारी
पोचलो. बाईंना गोळी मिळाली, बऱ्या आहेत. बाई वर बसताच झर्गाने दोर हिसकला आणि चालू पडली. आम्ही मागे धावलो. तिला मोकळं सोडण्याचा माझा निर्णय अचूक ठरला. ती थेट आत्याच्या दारात थांबली.
आत्या म्हणाली, "तिचं पिल्लू इथे बांधलंय, ती जाणार कुठे? तू मध्ये कडमडला नसतास तर केव्हाच घरी आला असतास."
उलट बोललो नाही. मोठ्यांचा मान ठेवावा.

१५ फेब्रुवारी
पाहुण्यांनी पत्रात झर्गाची फार स्तुती केली. माझं नाव लिहायचं राहिलं असावं. हातेम बेंनी सीझन आत्याला दिला. मलाही जबाबदारीचं काम आहे: सहल परतेपर्यंत पिल्लू सांभाळायचं. म्हणजे सगळी सहल माझ्याच भरवशावर.

१८ फेब्रुवारी
आठ पाहुणे निघाले. एकीने माझ्याकडे बघून विचारलं, हे नाही का येत?
आत्या म्हणाली, "नको. त्याला नेला की परत आणावा लागतो."
सगळे हसले. मीही हसलो. फार लागलं. ते दिसेनासे झाल्यावर पिल्लाला पाणी दाखवलं.