कायमच्या बंद दुकानातलं लुगडं

दादा,

पौडच्या शेटाचं कापडाचं दुकान गेल्या महिन्यात बंद झालं. या वेळी खरोखरच बंद झालं. तुम्हाला हे कळवावंसं वाटलं, पण त्यात मायेचा भाग फारसा नाही हे आधीच सांगते. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं होतील. इतकी वर्षं मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडत आले. आता लिहून भांडण्याइतकी शिकले आहे. मी बी.ए. झाले, आपल्या घरातली पहिलीच. ज्या पौडला तुम्ही उरवड्याहून रोज चालत जात होता, तिथल्याच शाळेत मी मुलींना शिकवते. लोक मला बाई म्हणतात आणि त्यातले जुने लोक ‘गुमास्त्याची पोर’ म्हणूनही ओळखतात. दुसरी ओळख ऐकली की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

मी आठ वर्षांची असेन. बाजारच्या दिवशी आईबरोबर पौडला आले आहे आणि दुकानाच्या पायरीवर तुमची वाट बघत बसले आहे. दिवस कलतो, तुम्ही गाद्या झटकता, शेट फळ्या लावायला घेतात. मी विचारते, “दादा, दुकान बंद झालं का?” पाठीत असा धपाटा बसतो की हातातले फुटाणे सांडतात. “बंद म्हनायचं न्हाई! वाढवलं म्हन. दुकान वाढवलं.” घरी तरी वेगळं काय होतं? दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. बांगडी फुटायची नाही, वाढायची. ज्यावर आपलं पोट आहे त्याच्यासमोर अभद्र शब्द काढायचा नाही, हे तुम्ही मला त्या पायरीवर शिकवलंत. फुटाणे वेचताना मी ते पाठ केलं. मुळशी खोऱ्यातल्या प्रत्येक घरात ते असंच पाठ झालेलं होतं, आणि तुमच्या शेटाला ते पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या वर्षी, अक्काचं लग्न ठरलं त्याच उन्हाळ्यात, शेटांनी तुम्हाला पाटी रंगवायला सांगितली. तुमचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण अक्षर असं की तलाठीसुद्धा थांबून बघायचा. मी लाल रंगाचा डबा धरून उभी होते. तुम्ही फळी मांडीवर घेतलीत आणि कुंचला शेटांपुढे केलात. “पयलं अक्षर तुमी काढा, शेट. दुकान तुमचं हाय.” शेट दोन पावलं मागे सरले. “माझ्या हातानं न्हाई ते व्हायचं. गणपतीम्होरं आत्ताच नारळ ठेवलाय. तुमीच लिवा, तुमचं काय जातंय?” मग तुम्ही लिहिलंत. दुकान कायमचे बंद होत आहे. माल येईल त्या भावाने. मी नव्यानं वाचायला शिकले होते, म्हणून प्रत्येक शब्द मोठ्यानं वाचला. ‘बंद’ म्हणाले आणि माझी पाठ आपोआप आखडली. तुम्ही मारलं नाहीत. वर बघितलंसुद्धा नाहीत. त्या धपाट्यापेक्षा हा न बसलेला धपाटा मला जास्त लागला आहे.

त्याच दिवशी मी आणखी काही पाहिलं. कपाटातलं चांगलं कापड तुम्ही चादरीत बांधून माळ्यावर चढवलंत. मग बैलगाडीतून पुण्याच्या गाठी उतरल्या. त्या तुम्ही सोडल्यात. कुठल्या गोदामात किती पावसाळे काढलेलं ते कापड होतं कोण जाणे. घड्यांवर पिवळं पडलेलं, आणि वरून खळ देऊन इतकं कडक केलेलं की हातात धरलं तर नवंकोरं वाटावं. तुम्ही एक घडी दोन अंगठ्यांत धरून ताणलीत, किंचित फाटल्याचा आवाज आला आणि तुम्ही ती उलटी करून गठ्ठ्यात सरकवलीत. मला तेव्हा काही कळलं नाही. पण तुम्हाला कळलं होतं.

आठ दिवसांत आख्ख्या खोऱ्यात बातमी पसरली. आपल्या ओट्यावर बायका जमल्या. एक म्हणाली, “व्यापारी जात ती. उगंच लोटायचं आसंल माल.” दुसरी तिच्यावर तुटून पडली. “आगं, सवताच्या दुकानाला कुनी बंद म्हनंल का गं उगाच? जीभ झडंल की! पाटीवर लिवलंय ढळढळीत.” आणि आई, दादा, आई अभिमानानं म्हणाली, “ह्यांनीच लिवलंय.” लोक मूर्ख नव्हते. व्यापारी भावात खोटं बोलतो हे त्यांना माहीत होतं, मापात मारतो हेही माहीत होतं. पण आपल्याच गादीवर कुणी अभद्र ओढवून घेणार नाही, इतका त्यांचा माणसावर विश्वास होता. त्या एका विश्वासावर तुम्ही दोघांनी दुकान मांडलंत.

आईनं दारातली तीन शेरडं विकली. कासारसाईच्या सोयऱ्यांकडच्या बायकांना मानाची लुगडी द्यायची होती आणि विहिणीचं त्यात सगळ्यांत भारी हवं होतं. तुम्ही जेवायला बसला होता. आईनं विचारलं, “आवो, खरंच मोडतंय का दुकान? मंग मानाची लुगडी तितनंच उचलू का?” तुमच्या तोंडात घास होता. तो गिळायला तुम्ही पुष्कळ वेळ घेतलात आणि म्हणालात, “बघ, तुला पटलं तर.” खरं बोलला असता तर शेटांनी तुम्हाला काढलं असतं, हे मला समजतं. बाजारात गप्प राहिलात, तेही मी एक वेळ समजून घेईन. पण ती आपली चूल होती. तिथं शेट नव्हता. चुलीपाशी बसून एका बाईला, जिनं तुमच्यासाठी भाकरी थापली होती, तुम्ही “बघ” म्हणालात.

खरेदीच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका एकमेकींच्या हातातून लुगडी ओढत होत्या. जी पोलक्याला खण घ्यायला आली ती चार लुगडी घेऊन निघत होती, कारण पुन्हा मिळणार नाही ही भीती प्रत्येकीला होती. आईनं हिरवं जांभळ्या काठाचं लुगडं विहिणीसाठी निवडलं. खणाचं कापड तुम्ही स्वतः मापून दिलंत आणि कात्री लावताना वारापुढे चार बोटं जास्त सोडलीत. आई खूश झाली. त्या चार बोटांचा मला जितका संताप येतो, तितका शेटाच्या सगळ्या लबाडीचा येत नाही. कसली भरपाई होती ती?

विहिणीचं लुगडं पहिल्या धुण्यालाच घडीच्या रेघेवर उभं फाटलं. खळ पाण्यात गेली आणि खाली जाळी उरली. विहीणबाई ते फाटकं लुगडं घेऊन आपल्या दारात आल्या आणि आईच्या पायाशी टाकून म्हणाल्या, “मान दिला का पोतेरं दिलं? तुमचा मालक दुकानात बसतोय ना, त्याला डोळं न्हाईत व्हय?” तुम्ही उंबऱ्याकडे बघत म्हणालात, “दुकानच बुडालं, विहीणबाई. आता कुनाला इचारायचं?” बुडालं! तोवर शेटाच्या मेव्हण्याच्या नावानं त्याच फळ्या पुन्हा उघडल्या होत्या, माळ्यावरचं कापड खाली आलं होतं आणि तुम्ही सकाळीच त्या गादीवर बसून आला होता. त्या दिवसापासून अक्काला सासरी ‘मोडीतली’ हे नाव पडलं. “ये मोडीतले, पानी आन.” “मोडीतलीच ती, टिकतीय का बघा.” पहिलं मूल गेलं तेव्हासुद्धा हाच शब्द निघाला. अक्कानं तो शब्द ऐकत पंधरा वर्षं काढली आणि एकदाही तुमच्याबद्दल वावगं बोलली नाही. मी तिच्यासारखी नाही.

तुम्ही दुसऱ्याच वर्षी गेलात. आई अजून म्हणते, “त्या पाटीनं खाल्लं त्यांना. शेटानं आपलं अभद्र त्यांच्या हातावर काढलं.” मी तिला सांगते, विषमज्वर होता, औषध वेळेवर मिळालं नाही, अक्षरांनी कुणी मरत नाही. ती मान हलवते. मला तिची समजूत याचसाठी सहन होत नाही की तीत तुम्ही बिचारे ठरता.

पुण्याला कॉलेजात असताना वसतिगृहाजवळ एक दुकान होतं. ते तीन दिवाळ्या ‘शेवटचे चार दिवस’ चालू होतं. माझ्या मैत्रिणी धावायच्या. मी मात्र पोलीस असल्यासारखी उभी राहून बघायची. लाल शाईनं खोडलेला भाव आधी कुणी कधी दिलेलाच नसतो, तो खोडण्यासाठीच लिहिलेला असतो. स्वस्त म्हणून जे देतात ते एरवी कुणी फुकटही नेलं नसतं. आणि घाई एवढी उडवून देतात की कापडाला अंगठा लावायला उसंतच मिळू नये. हे सगळं मी शाळेत मुलींना समजावून सांगते. त्यांना वाटतं, बाई कुठल्या तरी पुस्तकातलं सांगतात.

आणि गेल्या महिन्यात दुकान खरंच बंद झालं. शेट कधीच गेले. त्यांचा मुलगा पुण्याला बिऱ्हाड हलवतोय. पाटी नाही, आरडाओरडा नाही. तो नुसता बसून होता आणि गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. समोरच्या चहाच्या दुकानातून कुणीतरी ओरडलं, “आरं, कितव्यांदा मरतंय हे?” सगळे हसले. मी आत गेले ते त्याला दोन शब्द सुनावायलाच. त्यानं गठ्ठा पुढे केला. मी लुगडं घेतलं, घडी दोन अंगठ्यांत धरली आणि जीव खाऊन ताणली. फाटलं नाही. दुसरं ताणलं, तिसरं ताणलं. “ताना की बाई,” तो म्हणाला, “समद्या घड्या बघा. मला आता हितं कुनाला फशिवून काय करायचंय?” माल चोख होता आणि भाव पुण्यापेक्षा निम्मा. इतकी वर्षं मी ज्याला साफ खोटं म्हणत आले, ते एकदा खरं निघालं, तेही त्याच जागी. त्याला सुनावायचं तसंच राहिलं. मी हिरवं लुगडं घेतलं आणि रविवारी कासारसाईला गेले.

अक्काची सासू आता थकली आहे. मी म्हणाले, “मावशी, तुमचा मान राहिला होता.” तिनं लुगडं मांडीवर घेतलं. डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन घडी पाहिली आणि ताणून बघितली. मग तिनं अक्काला हाक मारली, आणि लग्नापासून पहिल्यांदा मी त्या घरात अक्काचं खरं नाव ऐकलं. चुलीपुढून उठून अक्का दारात येऊन उभी राहिली.

“चांगलं हाय गं लई,” म्हातारी म्हणाली. “कुटनं आनलंस?”

अक्का माझ्याकडे बघत होती. आईनं चुलीपाशी विचारलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं असेल ते मला त्या घटकेला कळलं, पण म्हणून मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तुम्ही निदान ‘बघ’ एवढंच म्हणाला होता. मी म्हणाले, “पुण्याहून. पूर्ण भावानं.”