भिंतीतलं भोक

रविवार संध्याकाळ, दिंडोशी

सोसायटीच्या जंगलाकडच्या भिंतीतलं भोक मीच बुजवून घेतलं. सेक्रेटरी ना मी! बिबट्या शिरेल म्हणून मीटिंगमध्ये सगळ्यांनी हात वर केले. एकटे तळमजल्यावरचे सावंतकाका म्हणाले, "अरे, तो भिंतीवरून उडी मारतलो. ह्यां भोक मुंगसाचां." आम्ही हसलो.

भोक बुजवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ओल्या सिमेंटवर नखांचे ओरखडे होते. गवंड्याने त्यांवर थापी फिरवली. मी बघत उभा.

आज मेन गेटसमोर रस्त्यावर मुंगूस चिरडलेलं. जंगलात जायला त्याला दुसरी वाट ठेवली होती का मी? मुंगूस दिसलं की काका शुभ म्हणून हात जोडायचे. आजही जोडले. माझ्याकडे बघितलं नाही.

मागे जाऊन ते ओरखडे शोधले. भिंत एकदम गुळगुळीत. काम झकास झालंय.