एकमताने मंजूर

३ डिसेंबर १९७२

आज माझ्यावर घोर अन्याय झाला. इतिहासाने त्याची नोंद घेण्याची शक्यता कमी, म्हणून मीच घेतो. करजवाडीत एसटीतून उतरल्यावर मिळालेला पहिला चहा फाटला. दुसराही फाटला. तिसऱ्याच्या आधी दुकानदार शिवलिंगप्पांनी हात जोडून माफी मागून ठेवली, आणि तोही फाटला. इथल्या विहिरीचं पाणी मचूळ आहे, दूध घातलं की कपात दंगल होते. बेचाळीस वर्षांत मी बायकोवाचून राहिलो, बढतीवाचून राहिलो. चहावाचून राहायची पाळी मात्र सरकारनं आत्ता आणली.

बाकी गाव झकास आहे. माकणीच्या वाटेवर, माळावर, चारी बाजूंनी वारा. मी स्टॉकमन, म्हणजे जनावरांचा अर्धा डॉक्टर. नळदुर्गच्या दवाखान्यातून मला इथल्या छावणीवर धाडलं आहे. दुष्काळात आसपासची गुरं एका जागी बांधून त्यांना कडबा-पाणी द्यायचं, ती जगवायची, असं हे काम. द्वारकाबाईंच्या ओसरीलगतची खोली मिळाली. बाई एकट्या, पदरी एक म्हैस, आणि जीभ माझ्याहून धारदार. आल्या आल्या विचारलं, सायेब, तुमी जनावरं बरी करता का नुस्ता मेल्याचा दाखला देता? मी म्हणालो, आधी जे जमेल ते. हसल्या. आमचं जमणार.

१० डिसेंबर

गावात एकच विहीर जिवंत आहे, आणि तिच्यावर रोज लढाई. काल दोन घागरी फुटल्या, एक दोर कापला गेला, एका बाईचं डोकं फुटलं. टाके घालायला माणसांचा डॉक्टर नव्हता. मी घातले. बाई ओरडली नाही. म्हशी जास्त ओरडतात.

आज सोसायटीचे चेअरमन आबाराव यांनी चावडीपुढं सभा घेतली. हडकुळा माणूस, आवाज मऊ, सगळे बसल्याशिवाय स्वतः बसत नाही. विहीर सोसायटीनं ताब्यात घ्यावी, सगळ्यांची एकच रांग, बौद्ध वस्तीची बाई आधी आली तर आधी तीच भरणार, आणि चेअरमनची बायको सगळ्यांत शेवटी. दोघंतिघं कुरकुरले. आबारावांनी त्यांच्याकडे पाहून नुसतं स्मित केलं. सूचक आबाराव, अनुमोदक शिवलिंगप्पा, हात वर, एकमताने मंजूर. आजवर मी पुष्कळ पुढाऱ्यांची टिंगल केली आहे. याची कुठून सुरू करावी कळेना. मलाही मानाचा सभासद करून घेतलं.

शेवटी कोणीतरी पाण्याच्या चवीचं रडगाणं काढलं. आबाराव थट्टेनं म्हणाले, मग तेबी मिटवू की! पाणी गोड हाय असा ठराव करून टाकू. हशा पिकला. हसत हसत सगळ्यांनी हात वर केले. मीही.

११ डिसेंबर

चहा फाटला नाही.

शिवलिंगप्पांनी तीन कप पाजले. म्हणाले, ठरावाचा गुण. मी म्हणालो, साखरेचा. पण घरी येऊन विहिरीचं पाणी नुसतंच पिऊन पाहिलं. गोड आहे. नारळासारखं.

१४ जानेवारी १९७३

गावात भांडण उरलेलं नाही. रांगेत बायका फुगड्या घालायच्या तेवढ्या बाकी आहेत. रांगेवर काठ्या घेतलेले आठ गडी असतात, त्यांना पाणीदल म्हणतात. काठी अजून कुणाला लागलेली नाही, ती दिसते तेवढं पुरतं. आबारावांचा फोटो घराघरांतल्या देवळीत आला आहे. दर सोमवारी सभा होते. गावात कुणाला ताप नाही, असा ठराव झाला आणि थंडीताप खरंच उतरले. लोक शेजारच्या गावाला हे अशा तोऱ्यात सांगतात, जणू तेर्णा नदी यांच्याच मालकीची.

द्वारकाबाई तेवढ्या चिडलेल्या, एकट्या त्याच सभासद झाल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, एवढ्या माणसांचं एका गोष्टीवर एकमत माझ्या लग्नातबी झालं नव्हतं, आन् तिथं तर जेवण होतं.

५ फेब्रुवारी

आज सभेत द्वारकाबाई उभ्या राहिल्या. साधाच सवाल होता. घागरी दिवसाला दोनावर आल्या, मग चेअरमनसायबांची मोसंबीची बाग हिरवी कशी?

आबारावांनी कानामागं हात धरला. अगदी प्रेमानं शेजाऱ्याला विचारलं, बाई काही बोलल्या का? मला न्हाय ऐकू आलं. तुमाला आलं? शेजारी म्हणाला, न्हाय. त्याच्या शेजारचाही म्हणाला, न्हाय. मग ठराव आला, द्वारकाबाईंचं बोलणं गावाला ऐकू येत नाही. अनुमोदक शिवलिंगप्पा. ज्या बाईनं त्यांच्या बायकोची तीन बाळंतपणं केली, तिच्याकडे पाठ करून त्यांनी हात वर केला.

मी काही करायच्या आत माझा हात वर होता. भिडेनं गेला असेल. एकट्यानं खाली ठेवायचा म्हणजे कसंसंच वाटतं.

संध्याकाळी ओसरीवर बाई माझ्यासमोर उभ्या होत्या. ओठ हलत होते. मला म्हशीचं रवंथ ऐकू येत होतं, बांगड्या ऐकू येत होत्या, चुलीतलं लाकूड तडकलेलं ऐकू आलं. बाईंचा आवाज आला नाही.

१२ मार्च

विहीर आटली. तळाचा खडक दिसतो. आज तातडीची सभा झाली. विहिरीला बारा हात पाणी आहे, एकमताने मंजूर.

आता बघितलं तर पाणी आहे. काळं, गार, वर आकाश हलतंय. बायका हिंदकळू न देता जपून घागरी नेतात. मीही प्यालो. तहान भागली. ओठ तेवढे चिरलेत. वाऱ्यानं असेल.

१५ मार्च

छावणीवर एक गोष्ट पाहिली. लिहून ठेवतो.

हौद काठोकाठ भरलेला. गाई त्यात तोंड घालतात आणि तळाचा दगड चाटतात. जिभेचा दगडावर खरखर आवाज येतो. पाण्यात जीभ खरखरत नाही. आज सहा गाई गेल्या. मी त्यांची आतडी पाहिली, सुकल्या शेंगेसारखी. पाणी न मिळून मेलेलं जनावर मला ओळखता येतं, माझा धंदाच आहे तो.

जनावरं सभासद नाहीत. त्यांना ठराव लागू होत नाही.

मग आम्ही काय पितोय?

२० मार्च

वेशीजवळच्या पारावर म्हातारे दगडोबा बसलेले असतात. काल मान कलली होती. आज तोंडावर माश्या. जीभ बाहेर, काळी. मी पाणीदलाला बोलावलं. संध्याकाळी सभेत ठराव, दगडोबा लेकीकडं गेले. अनुमोदक, शिवलिंगप्पा.

आता मला पार रिकामा दिसतो. पण लोक तिथून जाताना नाकाला धोतराचा सोगा लावतात. मीही लावतो. का, ते कुणी विचारत नाही.

दुसरा ठराव. द्वारकाबाई गावात राहत नाहीत.

माझा हात —

२६ मार्च

ओसरी रिकामी. चूल मात्र कुणीतरी सारवतं. म्हैस मान वर करून डोळे मिटते, कुणी गळ्याखाली खाजवावं तशी. तिथं कुणी नाही.

आज उंबऱ्यावर तांब्याभर पाणी होतं. गढूळ, वाळूमिश्रित. एक घोट घेतला आणि ठसका लागला. मग अशी तहान लागली की मी जमिनीवर पडून तांब्याच्या तळाशी बोट घालून चाटलं. कित्येक दिवसांची तहान एकदम. म्हणजे इतके दिवस —

४ एप्रिल

रोज सकाळी तांब्या येतो. भरलेला. रिकामा ठेवला की उचलला जातो. मी आता विहिरीचं पीत नाही. गावात हिंडणारी माणसं मला नीट दिसू लागलीत. गालफडं आत गेलेली, डोळे मोठे. रिकाम्या घागरी डोक्यावर तोलत हसतात. मला विचारतात, सायेब, तुमी का वाळलात?

तांब्या कोण ठेवतं ते ठाऊक आहे. मोठ्यानं नाव घ्यायला गेलो. घशात अडकलं.

ठरवलं आहे. एक हात जरी खाली राहिला तरी एकमत मोडेल. सोमवारी माझा राहील.

९ एप्रिल

सभेला जाण्याआधी उजवा हात बैलाच्या दाव्यानं मांडीला करकचून बांधला. वरून घोंगडी.

डावा गेला.

६ मे

आज विहिरीचं जलपूजन होतं. जिल्ह्याचे साहेब यायचे होते. ते यायच्या आधीच संपलं.

आबारावांनी चाऱ्यासाठी पाहुण्यांच्या गावी ठेवलेली स्वतःची खिल्लारी जोडी आणली. पहिलं पाणी बैलांना. बैलांनी विहिरीलगतचा हौद हुंगला आणि तोंड फिरवलं. आबारावांनी वेसण ओढली. हसत होते. प्या की रे राजा, म्हणत होते. पुन्हा ओढली. बैलानं मान झटकली. आबाराव विहिरीच्या कठड्यावरून मागं गेले.

सगळं गाव थांबलं. माणूस पाण्यात पडल्यावर होतो तो आवाज ऐकायला.

आवाज आला तो खडकावर पोतं टाकल्यासारखा.

मग गावाला एकदम तहान लागली.

मी असा आवाज जन्मात ऐकला नव्हता. शेकडो गळ्यांतून — जनावरंही असं —

माझ्या कोपरावर कुणाचा तरी हात होता. द्वारकाबाई. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. आवाज वाळूसारखा झालेला, तरी ऐकू आला. तेर्णेच्या पात्रात झिरा खोदलाय म्या, नदीत पळा, तीन महिने झाले बोंबलतेय भाड्यांनो! गाव नदीकडे पळालं. जे पोचले ते वाचले.

संध्याकाळी बाग पाहिली. मोसंबीच्या काटक्या. कधीच्या वाळलेल्या. आळ्यांत रिकाम्या घागरी उपड्या केल्याचे व्रण. वर काढलेल्या आबारावांचे ओठही चिरलेले होते. तोही तेच पाणी पीत होता.

१२ मे

धाराशिवहून टँकर येऊ लागले. देवळ्यांतले फोटो गेले, तिथं कॅलेंडरं आली. पाणीदलाच्या काठ्यांचं सरपण झालं. ज्याला त्याला विचारलं, कुणीच हात वर केला नव्हता. शिवलिंगप्पांची तर शपथ आहे, त्यांचा हात कायम बंडीच्या खिशात होता. मी म्हणालो, मग अनुमोदन खिशानं दिलं का? ते हसले नाहीत.

पार आता मला रिकामा दिसत नाही. दगडोबा आहेत. जे उरलंय ते.

द्वारकाबाईंचं एकच मागणं आहे. सोमवारच्या सभेत मेलेल्या माणसांची नावं मोठ्यानं घ्यायची, आणि पाणी आहे म्हणून हात कुणी कुणी वर केला ते ज्यानं त्यानं उभं राहून सांगायचं. मला म्हणाल्या, सायेब, पयले तुमी उभं राहा, तुमी परके, तुमाला सोपं जाईल. मी हो म्हणालो. मनापासून.

१४ मे

सभा. नवे चेअरमन शिवलिंगप्पा. सगळे बसल्याशिवाय बसले नाहीत.

बाई उभ्या राहिल्या. दगडोबा, एवढं एकच नाव झालं. लोकांनी माना खाली घातल्या. कुणाची आई, कुणाचं पोर, पुढची नावं सगळ्यांना ठाऊक होती. कुणाला ती ऐकायची नव्हती. शिवलिंगप्पांनी कानामागं हात धरला. आवाज किती मऊ झाला आहे त्यांचा.

ठराव. यंदा करजवाडीत काहीही घडलं नाही, अशी कुणी बाई इथं नव्हती.

बाईंनी फक्त माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो. सगळं वजन टाकून. दगड होतो मी. शपथेवर सांगतो, दाबलेच होते —

एकमताने मंजूर, ऐकलं.

खाली पाहिलं. मांड्यांखाली हात नव्हते.

१६ मे

चहा उत्तम. गाव शांत. पारावर कुणी नाही.

मागची पानं वाचली. अक्षर माझं. एक नाव पुन्हा पुन्हा येतं, वाचतो तेव्हा कळतं, पान उलटलं की जातं. काही ठिकाणी शाई —

१७ मे

उंबऱ्यावर तांब्याचा एक तांब्या आहे. माझा नाही. रिकामा, तळाशी वाळू. उन्हाळाभर कुणीतरी मला पाणी पाजलं. एवढं आठवतं. घशाला आठवतं.

टँकरचं पाणी आणलं. गाळून भरला. शेजारच्या ओसरीवर ठेवला. तिथं कुणी राहत नाही म्हणतात. म्हशीनं मान वर केली, डोळे मिटले.

मी तिथंच बसून राहिलो. काही बोललो नाही. बघता बघता तांब्यातलं पाणी खाली खाली गेलं, कुणी वरून ओतून सावकाश प्यावं तसं. थेंब सांडला नाही.

आता लिहितो आहे, विसरायच्या आत. त्या बाईंचं नाव द्वा