सतरा नंबरची बाटली

२४ नोव्हेंबर, रविवार

...आणि तेसुद्धा चाळीस बायकांसमोर! पुतणीची हळद, अख्खं जूचंद्र गाव मांडवात, वड्यांचं तांदळाचं पीठ परातीत, मी बाह्या वर करून बसलेली. आणि माझी धाकटी जाऊ स्वप्नाली म्हणते, वहिनी, तुम्ही आज पीठ नका मळू, तुमच्या अंगठ्याचं नख बघा ना कसं झालंय. एवढं बोलून थांबली का? नाही. बुरशी असते ती, म्हणाली. बुरशी! मी काय पाव आहे?

बावीस वर्षं या घरात पहिलं पीठ माझ्या हाताचं. माझ्या हाताचा वडा फुगला नाही असं लग्न दाखवा. आणि थोरली जाऊ, जिला सगळे बाय म्हणतात, तीपण म्हणाली, मनो, तू जरा बाजूला बस, कांदं काप. मी कांदे कापले नाहीत. उठून घरी आले. कांद्यांपाशी ती स्वप्नालीच बसली, दहाही बोटांना लाल नेलपॉलिश लावून. पॉलिश खराब होईल म्हणून पिठाला हात लावत नाही आणि मला शिकवते.

नवरा म्हणाला, डोक्यात ठेवू नकोस, बीपी वाढेल, लिहून टाक. म्हणून आमच्या पोराची, सोनूची केमिस्ट्रीची जुनी वही घेतली. मागची पानं कोरी आहेत. ही वही कोणी वाचायची नाही. चौथीपर्यंत शिकले तेवढं पुरे आहे.

१० मेला पुतण्याची, भूपेशची हळद आहे. लिहून ठेवते. त्या दिवशी पहिलं पीठ मी मळणार, काचेसारख्या नखाने. आणि स्वप्नाली कांदे कापणार. दहा किलो. रडत.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

नखाला लसूण लावला. चुना लावला. चुन्यावर लिंबू पिळलं. जळजळ झाली म्हणजे लागू पडतंय.

२८ नोव्हेंबर

नख आधी पिवळं होतं, आता काळं. आतली घाण वर येत असणार.

५ डिसेंबर, गुरुवार

वसईला स्किनच्या दवाखान्यात गेले. तिथे नखाच्या नवीन औषधाचा स्टडी चालू आहे. फुकट. लूर्डस नावाची सिस्टर आहे, पापडीची. सगळा कागद मराठीत वाचून दाखवला, मध्ये मध्ये विचारते, मावशी, समजलं का? समजलं म्हटलं. अर्ध्या लोकांना खरं औषध देणार, अर्ध्यांना तसंच दिसणारं साधं पाणी. कोणाला काय ते डॉक्टरलाही माहीत नाही, तिलाही नाही. लिफाफ्यात बंद.

डॉक्टर हर्षवर्धनना मी तोंडावर विचारलं, तुम्ही डॉक्टर आणि तुम्हालाच माहीत नाही? मी नायगावच्या बाजारात कोलंबी विकते, टोपलीवरचं फडकं न काढता सांगते ताजी की शिळी. ते म्हणाले, ताई, माहीत नसलं तरच खरं कळतं. शिकलेली माणसं.

नख खरवडून लॅबला पाठवलं. बुरशी निघाली तरच घेणार म्हणे.

१६ डिसेंबर, सोमवार

पास झाले! बुरशी निघाली. चौथीनंतर पहिल्यांदा कशात तरी पास.

बाटली मिळाली. नंबर १७. नेलपॉलिशसारखी, आत ब्रश. रोज एकदा लावायचं, आधी नख कानशीने घासायचं, हात कोरडे ठेवायचे, ओल्या कामाला ग्लोव्हज घालायचे, दुसरं काही लावायचं नाही. एक कार्ड पण दिलं, रोज लावलं की त्या दिवसाच्या चौकोनात खूण. महिन्याने बाटली घेऊन यायचं, लूर्डस वजन करणार. बाटलीचं!

बाटली हुंगली. डोळ्यांतून पाणी आलं. माझं खरं आहे. पाण्याला एवढा वास नसतो.

आजपासून एक दिवस चुकवणार नाही. भूपेशची हळद डोळ्यांसमोर ठेवायची.

१७ डिसेंबर

लावलं.

१८ डिसेंबर

कोलंबी आठ किलो. ग्लोव्हज घालून कोलंबी सोलून दाखवावी त्या डॉक्टरने. अंगठ्याच्या नखानेच तर साल निघते. उद्या डबल लावते.

२२ डिसेंबर

उद्या चार वेळा.

५ जानेवारी

बाटली सापडत नव्हती. फ्रिजवर होती. फ्रिजवरून घरात काय चाललंय ते बाटलीला दिसतं, मला ती दिसत नाही. नवऱ्याने तिच्यावर वर्तमानपत्र ठेवलं होतं. चूक त्याची.

१३ जानेवारी, सोमवार

रिक्षात बसून कार्ड भरलं. अठ्ठावीस चौकोन, अठ्ठावीस खुणा. लूर्डस म्हणाली, मावशी, सगळ्या खुणा एकाच पेनाच्या, एकसारख्या? मी म्हटलं घरात एकच पेन आहे. बाटली काट्यावर ठेवली, सोनाराकडे असतो तसा काटा. म्हणाली, औषध तर होतं तेवढंच दिसतंय. मी म्हटलं मी काटकसरीची आहे.

पण खरी गोष्ट पुढे. बाकड्यावर कोण बसलेली? स्वप्नाली! नेलपॉलिश काढलेलं. आणि डाव्या अंगठ्याचं नख माझ्याहून पिवळं!

मला बघून उठली. म्हणाली, वहिनी, मलापण आहे, ऑक्टोबरपासून. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ओल्या पिठाला हात लावू नको, म्हणून मीपण कांद्यांकडे बसले. तुम्हाला नीट सांगायला हवं होतं मी. सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं.

चुकलं म्हणे. स्वतःची बुरशी लाल पॉलिशखाली लपवून माझी मांडवात उघडी केली. आणि आता गोड बोलते. हिची बाटली नंबर २३.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घेऊन आली. घेतला. खाल्ला नाही. (एक खाल्ला.) गोड बोलले नाही.

आता मेपर्यंतचा प्लॅन पक्का. माझं नख बरं होणार, हिचं नाही, कारण हिची बाटली पाण्याची असणार. देवी चंडिका बघते सगळं.

१० फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरने स्वप्नालीच्या नखाचा फोटो काढला. खाली मुळाशी नवीन नख आलंय, गुलाबी, अर्ध्या चंद्रासारखं. डॉक्टर म्हणाले, व्हेरी गुड. माझ्या नखाचापण फोटो काढला. आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

लूर्डसने बाटली वजन केली, माझ्याकडे बघितलं, परत वजन केली. म्हणाली, मावशी, लावताय ना? मी म्हटलं मग काय पिते का?

११ फेब्रुवारी

रात्रभर विचार केला. सगळं उघड झालं. स्वप्नाली बारावी पास, गोड बोलणारी, डॉक्टरला सर म्हणते. खरं औषध तिला. मला पाणी. आणि वास? पाण्यात वास घालता येतो, आजकाल अगरबत्तीत पण मोगरा घालतात. हा सगळा लिफाफ्याचा खेळ म्हणजे माझ्यासारखीला कळू नये म्हणून. मी काय जन्मभर वड्यांच्या परातीपासून लांब बसू?

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तू रोज लावतेस का पण? हा कोणाच्या बाजूचा?

१० मार्च, सोमवार

तिचं नख अर्धं स्वच्छ. माझं आता हिरवट पण दिसतं एका कोपऱ्यात. लूर्डसने परत कार्डाचं विचारलं. या वेळी दोन पेनं वापरली होती, निळं आणि काळं. तरी विचारते.

आता बस.

१३ मार्च, होळी

आज केलं.

सगळा गाव होळीकडे. स्वप्नालीचं दार नुसतं लोटलेलं. तिची बाटली खिडकीत, साडीच्या पिनांच्या डब्यात, उभी. घरी आणली, माझी तिच्या जागी ठेवायची होती. पण नंबरचं काय? लूर्डस नंबर बघते. मी चौथी शिकले पण डोकं डॉक्टरचं आहे. दोन्ही बाटल्या गरम पाण्यात धरल्या, लेबलं सोलली. कोलंबी सोलायची सवय कामी आली. १७ चं लेबल तिच्या बाटलीवर, २३ चं माझ्या बाटलीवर. गोंद नव्हता. भाताची चार शितं कुस्करून चिकटवली. आमच्या सोनूची प्रोजेक्टं अशीच झाली सगळी.

जाऊन ठेवून आले. होळीला नारळपण टाकला. बायने विचारलं, मनो, आज लई खूश? मी म्हटलं सणच आहे.

आता खरं औषध माझ्याकडे. तिला पाणी. मे महिन्यात बघू कोण कांदे कापतं.

१४ मार्च

पाच वेळा लावलं.

१५ मार्च

पाच वेळा. नवऱ्याच्या पायाच्या अंगठ्याला पण लावलं, उरलं तर वाया कशाला. बाटली निम्मी आली.

१६ मार्च

दोन वेळा. कोलंबी बारा किलो होती.

१९ मार्च

लावायचं राहिलं. खऱ्या औषधाला रोज लावायची गरज नसते, ताकद असते त्याच्यात. फ्रिजवर बाटलीला मुंग्या लागल्यात. औषध गोड असणार, म्हणजे भारी.

२ एप्रिल

स्वप्नालीचं नख अजून साफच होत चाललंय. हा आधीचा परिणाम. खरं औषध काही दिवस अंगात राहतं. थांबेल आता.

७ एप्रिल, सोमवार

लूर्डसच्या काट्याला आग लागो.

माझी बाटली ठेवली. म्हणाली, मावशी, गेल्या महिन्यापर्यंत भरलेली होती, आता तळाला? मी म्हटलं, सुधारले मी. मग स्वप्नालीची ठेवली. लूर्डसने काटा पुसून परत ठेवली. मग म्हणाली, २३ मध्ये औषध वाढलंय. औषध वाढतं का कधी?

मग बाटली उलटी करून लेबल बघितलं. लेबलाखालून भाताचं शीत बाहेर आलेलं. त्यावर एक मुंगी. लूर्डसने मुंगी बघितली, मग मला बघितलं. स्वप्नालीने पण बघितलं. आणि ही बाई हसली! तोंडावर ओढणी धरून, खांदे हलवत हसली. वहिनी, भात कुठला, वाडा कोलम का, म्हणाली.

डॉक्टर हर्षवर्धन हसले नाहीत. मला खुर्ची दिली. म्हणाले, ताई, तुम्ही दोघींनी बदललेलं औषध लावलंय, सेफ्टीसाठी आता तुमच्या दोघींचे लिफाफे उघडायला लागतील, कंपनीला लिहितो. दोघी स्टडीच्या बाहेर. मग म्हणाले, एवढे महिने मेहनत घेऊन सगळं गोळा करतो आम्ही. त्यांचा आवाज जरा बसल्यासारखा झाला. मला वाटलं सर्दी असेल.

काही हरकत नाही. लिफाफा उघडू दे. सगळ्यांना कळेल खरं कोणाला दिलं होतं ते. मी बदललं ते न्यायासाठी.

५ मे, सोमवार

लिफाफे आले.

डॉक्टरांनी दोन्ही कागद टेबलावर ठेवले. १७ नंबर, खरं औषध. २३ नंबर, खरं औषध. दोन्ही एकच. मी तिची चोरून माझी केली ती पण तीच आणि माझी तिला दिली ती पण तीच. डिसेंबरपासून माझ्या फ्रिजवर खरं औषध उभं होतं.

स्वप्नालीचं नख पूर्ण स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, यांनी एक दिवस चुकवला नाही, भांडी पण ग्लोव्हज घालून घासली. मग माझा हात हातात घेऊन अंगठा फिरवून बघितला आणि म्हणाले, ताई, आपण आता स्टडीबाहेर साधं औषध सुरू करू, पण लावायला लागेल. आणि चुना, लसूण अजिबात नाही. चुन्याचं कोणी सांगितलं यांना? नवऱ्याशी बोलायला हवं.

रिक्षात स्वप्नाली म्हणाली, वहिनी, मागितली असती तर मी दिली असती बाटली. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. रिक्षाला खिडकी नसते, तरी बघितलं.

घरी आले तर बाय वाट बघत बसलेली. म्हणाली, स्वप्नालीनं सांगितलं मला समदं. शनिवारी पीठ ती मलेल. तू तिच्या बाजूला बस, पानी तू घाल, पातेल्यानं. हात नको लावूस. आणि कांदं पन हायेत. दहा किलो आणलेत.

दहा किलो. मी कधी कोणाला सांगितलंय दहा किलोचं? ही वही कोण वाचतंय?

६ मे, मंगळवार

वही आता नवऱ्यापासून लपवते, तांदळाच्या डब्यात.

डॉक्टर हर्षवर्धन यांना हे पान फाडून लूर्डसकडे पाठवत आहे. वही कोणी वाचायची नाही, पण हे पान वाचा.

औषध खरं होतं असं तुम्हीच म्हणता. दोन्ही बाटल्या खऱ्या. एकच औषध, एकच दवाखाना, एकच कुटुंब. मग तिचं नख बरं झालं आणि माझं का नाही? वास पण दोन्हींना सारखाच आहे, मी दोन्ही हुंगल्यात. चार महिने बाटली माझ्याच घरात होती, कार्डावर एक चौकोन रिकामा नाही. चूक तुमच्या औषधाची आहे, काट्याची आहे, की लिफाफ्याची, ते मला लेखी पाहिजे. सहीशिक्क्यानिशी. मांडवात चाळीस बायकांना दाखवायला.

शुक्रवार, ९ तारीख, संध्याकाळी सहाच्या आत. त्यानंतर मला उपयोग नाही. शनिवारी सकाळी आठला पीठ मळायला घेणार आहेत, आणि कांदे आजपासूनच माझ्या ओट्यावर ठेवलेत.

मनोरमा शांताराम
जूचंद्र

(ता.क. कार्ड सोबत जोडत आहे. एप्रिलचे चौकोन पण भरलेत. तीन पेनं वापरलीत.)