दाराबाहेरून वाचायचं पत्र

दि. ९ मार्च, सकाळ

रातकिड्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. माझा गुडघा दिवसभर बोलतो, पण तो कुणाचं ऐकत नाही, तेव्हा मीही त्याचं मनावर घेत नाही. तू कसा आहेस हे विचारत नाही. विचारायला फोन उचलावा लागतो, आणि तो तू उचलत नाहीस.

हे पत्र तू वाचायचं नाहीस, ऐकायचंस. मला अक्षर येत नाही, त्यामुळे मला आलेलं प्रत्येक पत्र कुणीतरी वाचून दाखवलं तेव्हाच ते पोचलं. तुझंही तसंच होऊ दे. मी सांगतेय, तुझी बायको लिहितेय, आणि उद्या हीच तुझ्या जिन्यात बसून, बंद दाराशी तोंड नेऊन मोठ्याने वाचणार आहे. शेजारी ऐकतील. ऐकू देत. लाज वाटली तर दार उघडायचं आणि तिला आत घ्यायचं.

"माझ्यापाशी राहून तुझं काय भलं होणार," असं बायकोला म्हणून तू तिला इकडे माझ्याकडे धाडलंस, त्याला वर्ष होत आलं. ती मला औषध देते, माझ्यावर रागावते, आणि तुझं नाव निघालं की भांडी जोरात घासते. माझी एक किटली तुझ्यापायी झिजून पातळ झाली.

परवा तुमच्या टँगोच्या ताफ्यातला अकॉर्डियनवाला तुझं व्हायोलिन घेऊन आला. भला माणूस, पण बोलताना नजर सारखी बुटांवर. म्हणाला, तू दार उघडलंस ते एवढं हातात द्यायला, आजीकडे पोचव म्हणालास, आणि कडी लावून घेतलीस. दाराशी ठेवलेलं खाणं तसंच राहतं, असंही म्हणाला. हे मात्र त्याने चहा पिऊन झाल्यावर, उठता उठता सांगितलं.

पेटी उघडली. लहानपणी गजाला लावायच्या राळेचा पांढरा भुगा तू घरभर सांडायचास, माझ्या उशीत निघायचा. आणि हे व्हायोलिन असं लख्ख पुसलेलं, जसं काही दुकानात मांडायचंय. चारही तारा सैल. हिने ते उचललं तर आत काहीतरी खुळखुळलं. हिचा चेहरा उतरला, पण मला कळायला तिच्या चेहऱ्याची गरज पडली नाही. तूच शिकवलं होतंस मला, शाळेत जात होतास तेव्हा. आजी, आत एक काडी उभी असते, तिला ना खिळा ना डिंक, तारांचा दाब असतो म्हणून ती उभी. तारा बदलायच्या तर एकेक बदलायची. चारही एकदम सोडल्या की काडी पडते. शेंबडा होतास तेव्हापासून ही चूक तुझ्या हातून झाली नाही. म्हणजे ही चूक नाही.

मग मी मागचं सगळं उसवत बसले.

वाद्यवृंद सोडलास तेव्हा म्हणालास, विलायती शास्त्रीयचा कंटाळा आला, समोरच्या कागदावर असेल तेवढंच वाजवायचं, त्यात मी कुठे? मला आनंदच झाला. म्हटलं, कागदाशिवाय वाजवणार, म्हणजे नातू माझ्यावर गेला, निरक्षर झाला. मग तळघरातल्या त्या क्लबात जॅझ. तिथे बरं, जो सूर बोटाला जमेना त्याला वळसा घालायचा, लोक त्यालाच टाळ्या देतात. मग तेही सोडून टँगो. तिथे तर तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्या पलीकडे, जिथे बोट ठेवायचंच नसतं तिथे गज घासून किर्र आवाज काढतात म्हणे. मी सगळ्यांना हसून सांगितलं, एवढं शिकून पोरगं पुन्हा लहानपणीच्या रातकिड्यावर आलं.

सगळे तुला चंचल म्हणाले. तू म्हणू दिलंस. पण तू गाण्यामागे धावत नव्हतास रे, बोटांपासून पळत होतास. एकदा आलास तेव्हा डाव्या हातात कप धरलास तो तीन बोटांत, करंगळी आणि तिची शेजारीण तळव्यात मुडपलेल्या. मी विचारलं तर म्हणालास, बड्या लोकांत असंच धरतात. डॉक्टरांचं हिने मला आत्ता सांगितलं. हात धडधाकट, डोक्याकडून निघालेला हुकूमच बोटांपर्यंत येताना चुकतो, आणि सुधारेलच असं नाही.

आता पुढचं. लिहिणारी थांबलीय, तिला वाटतंय म्हातारी दमली.

तुझे आजोबा घड्याळजी होते आणि नदीत पोहताना बुडाले, हे तुला ठाऊक आहे, तुझ्या बापालाही एवढंच ठाऊक आहे. जन्मात गुडघाभर पाण्यात न उतरलेला माणूस पोहायला कसा गेला, हे कुणी विचारलं नाही. त्यांचा हात थरथरायला लागला होता. चिमट्यातला स्क्रू जागेवर बसेना. आदल्या दिवशी त्यांनी सगळी हत्यारं पुसली, एकेक फडक्यात गुंडाळली आणि समोरच्या घड्याळजीला देऊन आले, ज्याच्याशी त्यांचा उभा दावा. मला वाटलं, भांडण मिटलं. मी खूश होते. भाजी चिरताना गुणगुणत होते.

इथे हिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "आजी, हे त्याला नको ऐकवायला."

मी म्हटलं, "त्यालाच ऐकवायचंय. बाकी कुणाला सांगून काय उपयोग?"

पुसलेलं हत्यार मी ओळखते, रातकिड्या.

अकॉर्डियनवाला हिच्याबरोबर येतोय. खांदा रुंद आहे, दार फोडतो म्हणतो. गरज पडली तर फोडेलही. पण फोडलेल्या दारातून माणूस बाहेर काढावा लागतो. मला तू आपल्या पायाने यायला हवा आहेस.

बोटं परत येतील असं मी म्हणत नाही. तसं सांगितलं असतं तर हिने ते लिहिलंच नसतं. व्हायोलिन वाजवणारा नातू मी कधी मागितला नव्हता. मला नातू हवा होता, व्हायोलिन तो घेऊन आला. ते ठेवायचं तर ठेव, टाकायचं तर टाक. तू मात्र इकडे ये. पलंग रिकामा आहे, आणि इतकी वर्षं ज्यांच्याबद्दल मी कुणाशी बोलले नाही, त्यांच्याबद्दल मला तुझ्याशी बोलायचंय. एकटीने आता पेलत नाही.

मी स्वतः आले असते. जिने चढता आले असते तर तुझं दार एव्हाना बिजागरीसकट खाली असतं.

हे संपलं की ही पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करेल. तू दार उघडेपर्यंत वाचत राहायचं, असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय. तिचा घसा लवकर बसतो, तुला माहीत आहे.

इतक्या लांबून तुझ्या कडीच्या आवाजाकडे कान लावून बसलेली,
तुझी आजी
(खाली अंगठा माझाच आहे, शाई जास्त झाली)