तांबडीच्या दुधात पाणी नव्हतं

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
८ नोव्हेंबर २०२५

मावशी,

तुला वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? इथं मी आणि मोनिका मिळून एका खोलीत राहतो. ती दवाखान्यात नर्स आहे. पाणी एक दिवसाआड येतं, पण खोलीत ऊन चांगलं येतं. उस्मानपुऱ्यातल्या दूध तपासणीच्या लॅबमध्ये मी लागले, हे शेजारच्या कडुबाकाकांनी तुला सांगितलंच असेल. काम आवडतं. डबा मीच करते. भाकरी अजून तुझ्यासारखी फुगत नाही.

काका म्हणाले, येत्या बाजारात तू तांबडीला विकायला काढणार आहेस. म्हणून हे पत्र. मावशी, तिला विकू नकोस. तिच्यात काही खोट नाही.

हे मी कशावरून सांगते, ते ऐकून तू चिडशील. मागच्या महिन्यात मी कडुबाकाकांकडून तिच्या दुधाची बाटली मागवली होती, तुला न विचारता. लॅबमध्ये तपासली. पाणी घातलं असतं तर दुधातली साखरही उतरली असती. ती अगदी बरोबर होती. कमी होतं ते फक्त प्रथिन.

आमच्या सावनी मॅडमना मी विचारलं, असं का होतं? त्यांनी उलट विचारलं, "गाय खाते काय?" मी म्हटलं, पेंड महागल्यानं बंद झाल्यापासून मक्याचा भरडा आणि कडबा. त्या हसल्या. म्हणाल्या, "मग ती बिचारी कुठून आणणार?"

त्यांनी समजावलं ते असं. गाय खाते त्यातून आणि तिच्या पोटातल्या जंतूंपासून बारीक बारीक घटक तयार होतात. अमिनो आम्लं म्हणतात त्यांना. ती रक्तातून कासेत जातात आणि तिथं एकाला एक जोडून दुधाचं प्रथिन बनतं. वीस प्रकारची लागतात. त्यातलं एक जरी कमी पडलं तरी काम अडतं, आणि उरलेली नुसती वाया जातात, मोडून मुतावाटे निघून जातात. मक्यात लायसिन नावाचं फार थोडं असतं. तांबडी पोटभर खात होती, तरी तिला हवं ते मिळत नव्हतं. म्हणून दूध पातळ.

हे मला जूनमध्ये, गावच्या डेअरीत दूध तपासायच्या मशीनवर बसत होते तेव्हा, माहीत नव्हतं. पण माहीत नव्हतं म्हणून मी तसं वागले, असं लिहिलं तर ते खोटं होईल.

आदल्या दिवशीच डेअरीवर कुणीतरी म्हणालं होतं, "मशीनवर भाची बसलीय, मावशीचं दूध चोखच निघणार." सगळे हसले होते. दुसऱ्या दिवशी तुझ्या दुधाचा आकडा खाली आला आणि चेअरमन मोतीरामअण्णा माझ्या मागंच उभे होते. मला गोठ्यात येऊन बघता आलं असतं. निदान तुला बाजूला घेऊन विचारता आलं असतं. पाणी घातलंय असं मी मोठ्यानं ओरडले, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. तू कॅन उचललास आणि निघून गेलीस. आई गेल्यावर जिनं मला वाढवलं, तिला मी माझी नोकरी चोख दिसावी म्हणून चोर ठरवलं.

परवा सकाळी दूध घालायच्या वेळी मी डेअरीवर आले होते. सगळ्यांसमोर लॅबचा कागद वाचला. अण्णा म्हणाले, "मग आपलं मशीन खोटं बोललं व्हय?"

मी म्हटलं, "मशीननं दूध पातळ आहे एवढंच सांगितलं, अण्णा. पाणी घातलंय, हे मी बोलले. चूक माझी."

नंतर तुझ्या गल्लीपर्यंत आले आणि परत फिरले. तेवढी हिंमत झाली नाही.

सोयाबीनची आणि सरकीची पेंड काकांबरोबर पाठवते आहे. किती द्यायची ते मॅडमनी चिठ्ठीवर लिहिलंय. हळूहळू वाढव, एकदम नको.

माफ कर असं म्हणायचा हक्क नाही मला, तरी म्हणते.

तुझी
सोनिया

ता. ७ डिसेंबर

सोने,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा रागानं, एकदा चष्मा लावून.

तांबडीला न्यायला टेम्पो ठरला होता. नाय म्हणून सांगितलं. पेंड चालू केली, तुझ्या मॅडमच्या हिशेबानं. ती लई आवडीनं खाते. मागच्या आठवड्यात मोतीराम दारात आला. "द्वारकाबाई, दूध घाला की डेअरीवर." मी म्हणलं, "घालते, पण सगळ्यांपुढं मोजायचं." मोजलं. आकडा बरोबर आला. मोतीरामनं दोनदा मोजलं, तरी तेवढाच.

तू पाणी म्हणालीस, त्याचं मी एवढं धरलं नसतं. पण त्या दिवशी तू मला मावशी म्हणाली नाहीस. "द्वारकाबाई, पाणी घातलंय," म्हणालीस. पाच महिने तेच कानात होतं. आता लिहिलं, आता गेलं.

कडुबाला बोलले मी बाटलीवरून. बिचारा खाली मान घालून उभा होता.

तांबडी गाभण हाय. चैत्रात व्यायची हाय. आजवर सगळ्या गायींचं बाळंतपण मी एकटीनं केलं, कुणाला हाक मारली नाय. यंदा गुडघा वाकत नाय, भ्या वाटतं. तवा रजा काढून ये. आठ दिवस राहा.

वाट बघते.

तुझी मावशी