नाना, भरितात मीठ नव्हतं

तीर्थरूप नाना,

तुम्हाला जाऊन अजून वर्ष झालं नाही आणि मी तुमच्याशी भांडायला बसलोय. आठवण येते हो, रोज येते. पण आज रागच जास्त आलाय. काल आपल्या डाळीच्या गिरणीवर चंपाषष्ठीचं भरीत झालं आणि त्यात मीठच नव्हतं!

हसू नका. वांगी कपाशीच्या काड्यांवर झकास भाजली होती. मिरची-लसूण घालून ठेचली, फोडणी दिली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आल्या. पहिला घास घेतला आणि सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. मी मुकादमाला, आपल्या धोंडूला, विचारलं तर म्हणतो कसा, "मीठ ते नानाच टाकेत ना, आप्पा!"

एवढ्यावर भागलं असतं तर पत्र कशाला लिहिलं असतं? मागच्या आठवड्यात मी धुळ्याला गेलो होतो. इथे दोंडाईचात आभाळ भरून आलं, गिरणीच्या अंगणात उडीद वाळत पडलेला, ताडपत्री शेजारीच. कोणी हात लावला नाही! "तुमले इचारेल नव्हतं," म्हणे. उडीद भिजून गेला. मी डोक्याला हात लावून बसलो.

ही माणसं बावळट नाहीत, नाना. धोंडू घरची शेती, बैल, पोरींची लग्नं सगळं स्वतःच्या अकलेने निभावतो. गिरणीच्या फाटकात शिरला की अक्कल बाहेर ठेवतो. ही सवय लावली कोणी? एकदा त्याने आपणहून भरितात मीठ टाकलं होतं, आठवतं? "तुला कोणी सांगितलं?" म्हणून तुम्ही भर पंगतीत गरजलात. तेव्हा त्याने हात मागे घेतला तो घेतलाच.

देशाला स्वराज्य मिळालं, आपल्या गिरणीला का नाही दिलंत? तुमचा अंदाज कधी चुकला नाही, कबूल. पण तो बरोबर घेऊन गेलात, त्याचं काय? पौषात तूर येईल. नीट वाळली की नाही, हे दाताखाली दाणा फोडून तुम्हीच सांगायचात. मला कुठे येतं ते? उडदासारखी तूरही गेली तर गिरणीला कुलूप लागेल.

आणि एक सांगतो. काल शेवटी वैतागून मीच मीठ घातलं. धोंडूने चाखलं आणि ओरडला, "आते नानानी चव उनी!" आता तुमची चव आली म्हणे. सगळे हसले, भरीत चाटूनपुसून खाल्लं. मला बरं वाटलं, नाना. फारच बरं वाटलं. तेच तेव्हापासून टोचतंय. तुम्हालाही असंच वाटत असणार ना?

म्हणून शब्द देतो. तुरीचा पहिला दाणा धोंडू फोडेल आणि तो हो म्हणेल तेव्हाच इंजिन सुरू होईल. पुढच्या भरितात मीठही तोच टाकेल. खारट झालं तर मी मुकाट्याने खाईन. तुम्हीही वरून ओरडू नका.

तुमचा धाकटा मुलगा,
आप्पा